गोणपाटातली बाटली

प्रयोगशाळेत मी सगळ्यांच्या आधी पोचायचे. काम फार असायचं म्हणून नव्हे. लवकर गेलं की स्टाफरूममध्ये बसावं लागत नसे, आणि तिथे बसलं नाही की "काय मॅडम, आज काय डब्यात?" याला उत्तर द्यावं लागत नसे. डब्यात रोज पोळी आणि बटाटा असे. पण तेवढं सांगायलाही मला आधी घसा साफ करावा लागायचा, आणि घसा साफ होईपर्यंत विचारणारा दुसऱ्याकडे वळलेला असायचा.

कॉलेज अक्कलकुव्याकडच्या खापर गावाच्या पुढे, सपाटी संपून डोंगर सुरू होतात तिथे. नुसती अकरावी-बारावी. मी तासिका तत्त्वावर लागले होते, अकरावीच्या रसायनशास्त्राला. खापरला एका कापडाच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली होती. खाली दुकानदाराचं मारवाडी कुटुंब राहायचं. संध्याकाळी मी जिना चढताना भाभी आतूनच ओरडायच्या, "मॅडम, चाय पिओगे?" मी म्हणायचे, "झाला, भाभी." झालेला नसायचा. वर जाऊन मी एकटीपुरता कपभर करायचे आणि खिडकीत उभी राहून प्यायचे. खालून त्यांच्या घरातल्या कपबशांचा आवाज यायचा.

शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्दही निघत नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढेपुढे येईनासं झालं.

माझं घर कळसाडीच्या बाजूला, शहादा तालुक्यात. कापूस आणि ऊस. आई-वडील एकमेकांशी अहिराणी बोलतात, मजुरांशी अहिराणी, बैलांशीही अहिराणीच. माझ्याशी मात्र मराठी. मी लहानपणी इंग्लिश मीडियमला जायला लागले, तेव्हा शाळेतल्या बाईंनी पालकांना बजावलं होतं की घरी मुलीशी शुद्ध बोला. वडिलांनी ते ऐकून सोडून दिलं, आईने मनावर घेतलं. ती ओट्याशी उभी राहून वडिलांना "काय व्हयनं?" म्हणत असायची, आणि मी दारात आले की थांबून, हात पदराला पुसून म्हणायची, "काय झालं बाळा?" पाहुण्यांशी बोलतात तसं. मला अहिराणी सगळी समजते. बोलता येते की नाही, ते मी कधी करून बघितलं नव्हतं.

वर्गात तर भाषांचा बाजारच होता. अर्धी मुलं डोंगरातली, घरी भिली नाहीतर पावरी बोलणारी, दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीतून शिकलेली. बाकीची सपाटीवरची, अहिराणीवाली. आणि सायन्सचं पुस्तक इंग्रजी. त्या सगळ्यांत इंग्रजी पुस्तक घरच्यासारखं वाचता येणारी मी एकटी होते, आणि त्यांच्यापैकी कुणाशीच नीट बोलता न येणारीही मी एकटीच. मी आदल्या संध्याकाळी वाक्यं जुळवून पाठ करायचे, सकाळी फळ्याकडे तोंड करून ती म्हणायचे, खडू ठेवायचे आणि निघायचे. मुलं उतरवून घ्यायची. दंगा नाही, शंका नाही. मला वाटायचं, बरं चाललंय.

मार्चमध्ये प्राचार्यांनी बोलावलं. ते शहाद्याकडचेच, मोठ्या आवाजाचे.

"बसा मॅडम. चहा?"

"नको सर."

"नको म्हणता म्हणता वर्ष गेलं तुमचं." मग टेबलावर पुढे वाकून ते अहिराणीत म्हणाले, "पोरं काय म्हंतस म्हाईत शे का? मॅडम चांगल्या शेत, पन कोणसंगे बोलतस तेच समजत नही."

आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते मनापासून हसले. मीही थोडी हसले, कारण ते खरं होतं.

"फळ्याला सगळं येतं हो मॅडम," ते परत मराठीत म्हणाले. "त्याला किती शिकवाल? मी गुरुवारी मागे येऊन बसतो. लेक्चर घ्या, प्रॅक्टिकल घ्या, तुमच्या मनाने घ्या. नाही जमलं तर अकरावी आपण दुसऱ्या सरांकडे देऊ. तुम्ही प्रयोगशाळा सांभाळा, जर्नलं तपासा. राग मानू नका."

प्रयोगशाळा सांभाळा, जर्नलं तपासा. जुलैमध्ये, नुकती लागले तेव्हा, कुणी मला हे काम दिलं असतं तर मी आनंदाने घेतलं असतं. आता ते नको होतं. मी बोलायला लागले की माना वर करून माझ्याकडे बघणारी माणसं त्या एका वर्गातच होती. ती तास-दीड तास बघायची, मग खाली बघून लिहायची. तेवढंच. पण तेही गेलं तर आठवड्याचे सगळे दिवस शनिवार दुपारसारखे होणार होते.

मी प्रॅक्टिकल निवडलं, कारण त्यात बोलावं कमी लागतं. उदासिनीकरणाची उष्णता मोजायची. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की एकमेकांना संपवतात, पाणी आणि मीठ होतं, आणि त्या भरात उष्णता बाहेर पडते. मला या प्रयोगातलं आवडायचं ते असं की हिशेब आधी कागदावर करता येतो. दोन्ही तीव्र असतील तर आम्ल कोणतं आणि आम्लारी कोणती याने फारसा फरक पडत नाही. किती कणांची किती कणांशी गाठ पडली एवढंच मोजायचं. समान ताकदीची, समान मापाची दोन द्रावणं घेतली तर कुणी उरत नाही, आणि पारा किती चढणार ते प्रयोगाआधीच सांगता येतं. आमच्या मापाने तो साडेसहा-सात अंश चढायला हवा होता. माणसांच्या बाबतीत असं आधी काहीच सांगता येत नाही.

ऊब बाहेर जाऊ नये म्हणून लागतं ते भांडं आमच्याकडे नव्हतं. एका रुंद बरणीत स्टीलचा पेला ठेवायचा आणि मधल्या जागेत कापूस दाबायचा, असं ठरवलं. आईला फोन केला.

"कापूस हवा होता थोडा."

"कापूस? बरं नाही का तुला?"

"बरी आहे. कॉलेजसाठी हवाय."

"किती पाठवू?"

"थोडा."

"बरं."

एवढंच बोलणं. दुसऱ्या दिवशी अक्कलकुव्याकडे येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ तिने पिशवी दिली. उघडून बघते तर कापसात एकही सरकी नाही. शेतातून आणलेला कापूस तिने बसून बोटांनी निवडला होता आणि पिंजून मऊ केला होता. बरणीत कोंबायला सरकीसकटही चालला असता, हे मी तिला सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

बुधवारी द्रावणं तयार केली. मदतीला एक मुलगी थांबली, डोंगरातली, मुलींच्या होस्टेलला राहणारी. वर्षभर मी तिचा आवाज हजेरीपुरताच ऐकला होता, आणि मला वाटतं तिनेही माझा फार ऐकला नव्हता. आम्ही दोघींनी न बोलता छान काम केलं. कॉस्टिक सोड्याचे दाणे पाण्यात टाकले की पाणी तापतं. बाटली बाहेरून हाताला चटका बसावा इतकी गरम झाली. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी बाटलीकडे बघून म्हणाले, "हे थंड व्हायला हवं. उद्यापर्यंत अगदी थंड झालं पाहिजे." तिने मान हलवली. काचसामान धुऊन किल्ली ऑफिसात देते म्हणाली. म्हणजे म्हणाली नाही, किल्लीकडे हात केला.

गुरुवारी मी रिकाम्या वर्गात वाक्यं घोकत बसले आणि प्रयोगशाळेत थेट तासालाच गेले. सर मागच्या बाकावर येऊन बसले. त्यांना बाक अपुरा पडत होता, एक पाय बाहेर काढून बसले होते. मी हातात रबरी मोजे चढवले, फळ्यावर हिशेब मांडला आणि खाली ठळक लिहिलं की पारा साडेसहाच्या वर चढेल. बरणीतला कापूस बघून मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम गादी भरी ऱ्हायनात का?" हशा झाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आम्ल पेल्यात ओतलं. खोलीत तेहेतीस अंश होते, आम्लातही तेहेतीस. सोड्याची बाटली रात्रभर त्याच खोलीत होती, म्हणून तिचं वेगळं मोजायची गरज मला वाटली नाही. मोजून ओतलं, ढवळलं. पुढच्या बाकावरचा मुलगा पारा बघून मोठ्याने सांगत होता.

"चौतीस. पस्तीस. पस्तीसच्या वर... थांबना मॅडम."

"नीट बघ."

"थांबनाच शे. झोपी गया."

या वेळचा हशा मोठा होता. मी स्वतः वाकून बघितलं. तीन अंशही पुरते चढले नव्हते. माझ्या मागे, फळ्यावर, साडेसहा लिहिलेलं होतं.

पाठ केलेली सगळी वाक्यं साडेसहाच्या पुढची होती. या जागी काय म्हणायचं ते मी पाठ केलंच नव्हतं.

काहीतरी करायचं म्हणून मी पेल्यातलं थोडं एका परीक्षानळीत काढलं आणि त्यात दर्शकाचे दोन थेंब टाकले. रंग आला नाही. वरून सोड्याचा थेंब सोडला, लगेच गुलाबी झालं. म्हणजे मापं बरोबर होती. दोघांनी एकमेकांना पुरतं संपवलं होतं, कुणीही उरलेलं नव्हतं. हिशेब बरोबर आणि ऊब बेपत्ता.

"मापं बरोबर आहेत," मी म्हणाले. मग काही क्षणांनी, "मला कळत नाही."

मागच्या बाकावर सरांनी बाहेर काढलेला पाय आत घेतला. मुलांचे चेहरे मी तेव्हा बघितले, फळ्याकडे पाठ होती म्हणून दिसले. ती सगळी माझ्याकडे बघत होती आणि खाली मान घालून काही लिहीत नव्हती. लिहिण्यासारखं काही नव्हतंच.

"उष्णता निघाली तर असणारच," मी म्हणाले. "कुठे गेली असेल?"

मी वाट बघितली. आणि मग माझ्या तोंडून, माझं मलाच नवल वाटावं असं, आईच्या आवाजात निघालं, "कथी गयी व्हई ती?"

मग एक जण ओरडला, "आरे, मॅडमले अहिराणी येस!" आणि बाकं वाजायला लागली. माझे कान तापले होते. त्या क्षणी तापमापक कानाला लावला असता तर प्रयोग यशस्वी झाला असता.

पण बोलणं सुरू झालं ते थांबेना. कापूस खाई गया, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, पंखा चालू होता, पंख्याने नेली. तिसऱ्याचं म्हणणं, स्टीलचा पेलाच आधी तापतो, चहाचा नाही का तापत? पहिला पुन्हा म्हणाला, "कापूस गादीना शे मॅडम, मग तेले झोप येवाऊच." एका मुलीने त्याला दटावलं, "तू गप रे, तुलेच झोप येस." मी पंखा बंद करायला लावला, पेल्याला बाहेरून हात लावून बघायला लावलं. चहाच्या पेल्याचं म्हणणं बरोबर होतं, पण तेवढ्याने एवढी तूट पडणार नव्हती, असं मी सांगितलं. ते मी फळ्याला सांगितलं नाही.

डोंगरातल्या मुली मात्र हसत नव्हत्या. त्या एकमेकींकडे बघत होत्या. मग कालची ती उभी राहिली.

"मॅडम, माझ्यामुळे झालं."

"काय झालं?"

"बाटली मी गोणपाटात ठेवली होती. ओल्या. खिडकीत." तिचा आवाज इतका बारीक होता की सगळा वर्ग पुढे झुकला. "तुम्ही म्हणाल्या, अगदी थंड झाली पाहिजे. आम्ही शेतात पाणी तसंच थंड करतो. सकाळी येऊन परत ओलं केलं. मग तास व्हायच्या आधी पुसून टेबलावर ठेवली." आणि थांबून, किंचित अभिमानाने, "चांगली थंड झाली होती."

मी मोजा काढला आणि बाटलीला हात लावला. माठाला हात लावावा तशी होती. तास सुरू झाल्यापासून मी ती दोनदा उचलली होती, रबराच्या आडून.

तापमापक बाटलीत बुडवला. पंचवीस.

"फ्रीज शे का हाई?" बाटली हातोहात फिरली. ज्याने त्याने गालाला लावून बघितली. ती मुलगी अजून उभीच होती, आता आपलं काय होणार या चेहऱ्याने. मी तिला फळ्याशी बोलावलं आणि खडू तिच्या हातात दिला.

"अर्धं तेहेतीसचं, अर्धं पंचवीसचं. नुसतं मिसळलं असतं तर किती झालं असतं?"

तिच्या आधी वर्ग म्हणाला, "एकोणतीस!"

तिने एकोणतीस लिहिलं. खाली, पारा थांबला तिथला, छत्तीसला थोडा कमी, तो आकडा लिहिला. आणि दोन्हींच्या मध्ये बघत राहिली. पावणेसात. मग माझ्याकडे वळून बघितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "सापडनी!" हरवलेली शेळी सापडावी तसं.

उष्णता कमी नव्हतीच. जेवढी निघायची तेवढीच निघाली होती. पण तिच्यातली बरीचशी आधी सोड्याचा गारठा भरून काढण्यात गेली. आम्ल होतं तिथवर नुसतं पोचण्यातच गेली. आम्हाला दिसले ते वर उरलेले अंश. तास संपेपर्यंत मुलं यावर भांडत होती, की मग गार करायचं तर दोन्ही का नाही केलं. मला पुढे बरेच दिवस यातलं काहीबाही आठवत राहिलं, पण त्या वेळी मी फक्त त्यांच्या भांडणात होते. घंटा झाली तेव्हा मागचा बाक रिकामा होता. सर कधी उठून गेले, ते मी बघितलंच नव्हतं.

मुलं गेल्यावर ती मुलगी काचसामान धुवायला थांबली.

"मॅडम," ती पेला विसळत म्हणाली, "तुमचा वर्ग जाणार का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"होस्टेलला सगळ्यांना माहीत होतं." मग म्हणाली, "म्हणून मी सकाळी लवकर आले. परत ओलं करायला."

मला तिला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. मी शब्द शोधत राहिले, आणि ते जुळेपर्यंत तिने पेला पुसून कपाटात ठेवला होता. ती जाताना मी एवढंच म्हणाले, "उद्या पुन्हा करू. दोन्ही बाटल्या एका जागी ठेव." तिने मान हलवली. पण आज दारात एकदा थांबून बघितलं.

दुपारभर मी जर्नलं समोर घेऊन बसले, त्यातलं एकही वाचलं नाही. सुटायच्या वेळी सर व्हरांड्यात भेटले.

"प्रयोग तर फसला तुमचा मॅडम."

"हो सर."

"पोरं अजून भांडी ऱ्हायनात तेन्हावर. डब्बा खातांना बी तेच." चालता चालता ते थांबले. "अकरावी राहू द्या तुमच्याकडेच. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. चहा?"

"नको सर," मी म्हणाले. काय म्हणायचं ते ठरायच्या आतच निघून गेलं तोंडातून. ते हसून पुढे गेले, आणि मी व्हरांड्यात उभी राहिले. आता हाक मारून हो म्हणणं विचित्र दिसलं असतं.

खापरला पोचले तर खालच्या घराला कुलूप होतं. भाभी सगळ्यांना घेऊन सुरतेकडे लग्नाला गेल्या होत्या. जिन्यावर कुणी चहाचं विचारलं नाही. वर जाऊन मी चहा ठेवला. माझा वर्ग राहिला होता, आणि ते सांगायला इमारतीत कुणी नव्हतं. आईला फोन लावला.

"कापूस पुरला का बाळा?"

"पुरला."

"चांगला होता?"

"खूप चांगला होता."

"बरं." तिकडे तव्यावर काहीतरी पडल्याचा आवाज आला. इथे आमचं बोलणं एरवी संपतं. ती जेवलीस का विचारते, मी हो म्हणते, आणि फोन ठेवतो.

"माय," मी म्हणाले, "तू काय करी ऱ्हायनी?"

तिकडे उलथनं ठेवल्याचा आवाज आला. मग सावरून, पाहुण्यांच्या त्याच मराठीत म्हणाली, "भाकरी करतेय, बाळा."

मी तिथेच सोडून दिलं असतं. इतकी वर्षं दोघींनी तेच तर केलं होतं. गॅसवरचा चहा उतू जायला आला होता, तो मी बंद केला.

"कसानी?" मी विचारलं.

तिने फोन तोंडापासून दूर नेला असावा, कारण वडिलांना सांगताना तिचा आवाज लांबून आला, "दखा ना, हाई काय बोली ऱ्हायनी." त्यात हसू होतं की दुसरं काही, ते मला कळलं नाही. मग ती परत जवळ आली.

"कळनानी," ती म्हणाली. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची.

तिकडे भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. फोन कुणीच ठेवला नाही.